गोपनीयता कोणाची, पारदर्शकता कोणाची?

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, हे आपल्या शाळेतील पहिलीच्या मुलालाही ठाऊक असते. त्यानंतर काय झाले, ते मात्र फारसे सांगितले जात नाही. त्याच वर्षी डिसेंबर महिन्यात महाडमधील सवर्ण मंडळींनी दिवाणी न्यायालयात दावा गुदरला. तळे आमचे आहे, ते वापरण्याचा अधिकार आमचाच आहे, म्हणून अस्पृश्यांना मनाई करावी, असे त्यांचे म्हणणे होते. हा वाद जवळजवळ दहा वर्षे चालला. अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादी काळापासून चालत आल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला.

जे सर्वांचे आहे त्याभोवती ‘आमचे’ म्हणून कुंपण घालायचे, हा खासगीपणाचा एक अर्थ. आपल्या समाजाने तो पिढ्यान्‌पिढ्या सोसला. ‘खासगी’ या शब्दाबद्दल आपल्या मनात एक स्वाभाविक संशय आहे तो त्यामुळेच. घरात चाललेला स्त्रीचा छळ ‘घरची बाब’ म्हणून झाकला गेला, विहीर ‘आमच्या वाड्यातली’ म्हणून बंद राहिली. आज मोबाइल, आधार आणि इंटरनेटच्या काळात गोपनीयतेचा अधिकार म्हणून ज्याची चर्चा होते, तो शहरी, सुखवस्तू लोकांचा छंद आहे, आपल्या रोटीच्या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही, असे आपल्यातील अनेक सुशिक्षितांनाही वाटते. हा समज तपासून पाहण्याची वेळ आली आहे, असे मला वाटते. कारण खासगीपणाचा दुसराही एक अर्थ आहे आणि तो बाबासाहेबांनीच आपल्यापुढे ठेवला आहे.

मार्च १९४७ मध्ये संविधान सभेच्या मूलभूत हक्कांविषयीच्या उपसमितीला बाबासाहेबांनी जे निवेदन सादर केले, ते ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या नावाने प्रसिद्ध आहे. शेतीच्या राष्ट्रीयीकरणाचा पुरस्कार करणारे निवेदन म्हणून आपण ते ओळखतो. त्याच निवेदनातील मूलभूत हक्कांच्या यादीत आणखी एक कलम होते : नागरिकाचे शरीर, त्याचे घर, त्याची कागदपत्रे आणि चीजवस्तू अवाजवी झडती व जप्तीपासून सुरक्षित असली पाहिजेत, सबळ कारणाशिवाय वॉरंट निघता कामा नये. उपसमितीत कन्हैयालाल मुन्शी यांच्या मसुद्यातही घराची अभंगता आणि पत्रव्यवहाराची गुप्तता हे हक्क होते. अल्लादी कृष्णस्वामी अय्यर आणि बी. एन. राव यांनी आक्षेप घेतले. दिवाणी दाव्यांतील पुरावा अडचणीत येईल, पोलिसांच्या तपासात अडथळा येईल, असे त्यांचे म्हणणे होते. कलम गळाले.

पुढे ३ डिसेंबर १९४८ रोजी हा प्रश्न पुन्हा सभागृहात आला. आपला चांदा जिल्हा त्या काळी ज्या मध्य प्रांत व वऱ्हाडात होता, त्याच प्रांताचे प्रतिनिधी काझी सय्यद करीमुद्दीन यांनी अवाजवी झडती-जप्तीविरुद्ध संरक्षण देणारी दुरुस्ती मांडली. बाबासाहेबांनी ती स्वीकारण्याची तयारी दाखवली. फौजदारी प्रक्रिया संहितेत अशी तरतूद आहेच, तरीही व्यक्तिस्वातंत्र्याच्या हितासाठी ती कायदेमंडळाच्या हातापलीकडे ठेवणे इष्ट आहे, अशी त्यांची भूमिका होती. अखेर सभागृहाने दुरुस्ती मान्य केली नाही. सर्वोच्च न्यायालयानेही १९५४ आणि १९६२ च्या निकालांत असा स्वतंत्र हक्क मानला नाही. शेवटी २४ ऑगस्ट २०१७ रोजी न्या. के. एस. पुट्टस्वामी यांच्या प्रकरणात नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने सांगितले की, गोपनीयता हा मूलभूत हक्क आहे. गरिबांना कल्याणकारी योजना हव्या असतील तर त्यांनी गोपनीयतेचा आग्रह सोडावा, ही सरकारची बाजू त्या निकालाने फेटाळली. गोपनीयता ही अभिजनांची चैन नव्हे, हे न्यायालयाने स्पष्ट शब्दांत नोंदवले. तिच्या आडून पितृसत्ताक अन्याय लपवता येणार नाही, हेही तेथेच सांगितले.

हे दोन अर्थ नीट वेगळे केले की आजचा प्रश्न स्पष्ट दिसू लागतो. दुर्बळ व्यक्तीभोवतीची भिंत ही गोपनीयता आहे. सत्तेसमोर ओढलेला पडदा ही लपवाछपवी आहे. लोकशाहीत पहिली मजबूत हवी आणि दुसरा असताच कामा नये. आज आपल्या देशात नेमके उलटे घडत आहे : नागरिक दिवसेंदिवस पारदर्शक होत चालला आहे आणि शासन दिवसेंदिवस अपारदर्शक.

आपल्या दोन जिल्ह्यांतील साध्या माणसाचा दिवस पाहा. रेशन घ्यायचे तर ई-पॉस यंत्रावर अंगठा. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीवर जात, उत्पन्न, बँक खाते, आधार. मोबाइलवर येणारा ओटीपी बहुतेक वेळा सेवा केंद्रातल्या मुलालाच सांगावा लागतो, कारण अर्ज तोच भरतो. पासवर्डही त्याच्याच वहीत. रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून मजुरांची दिवसातून दोनदा छायाचित्रे काढून ती ॲपवर चढवण्याची सक्ती झाली. देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी दिला गेला, तोही नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात. ज्याच्याकडे देण्यासारखे दुसरे काही नव्हते, त्याने बोटांचे ठसे आणि डोळ्यांची बुबुळे दिली. सोयी झाल्या, दलालांची एक फळी कमी झाली, हे नाकारण्याचे कारण नाही. पण कष्टाने झिजलेला अंगठा यंत्राने ओळखला नाही, तर धान्य नाकारणारा जबाबदार कोण, हे त्या म्हातारीला कोणीच सांगत नाही.

जंगलाचेही तसेच. ताडोबा आणि ब्रह्मपुरीच्या रानात झाडांना बांधलेले कॅमेरे आता नवे राहिलेले नाहीत. त्यांची गरज आहे. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. वाघ कोठे आहे हे वेळेत कळले तर जीव वाचतात. म्हणून कॅमेरा काढून टाका, असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. मात्र ज्या पायवाटेने वाघ जातो, त्याच पायवाटेने मोहफुले वेचणारी बाई जाते. रानात ती पदर खोचते, मनातले बोलते, आडोशाला बसते. तिचेही छायाचित्र त्या कॅमेऱ्यात येते. ते कोण पाहते, किती दिवस ठेवते, वनगुन्ह्याच्या तपासात ते तिच्याविरुद्ध वापरले जाऊ शकते काय, हे तिला विचारण्याचे सोडाच, सांगितलेही जात नाही. वनहक्क कायदा २००६ ने गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क तिला दिला आहे. ती तेथे चोर म्हणून जात नाही, हक्कदार म्हणून जाते.

पुट्टस्वामी निकालाने यासाठी तीन कसोट्या दिल्या आहेत. खासगी जीवनात हस्तक्षेप करायचा तर त्यासाठी कायदा हवा, त्यामागे रास्त हेतू हवा आणि हस्तक्षेप हेतूच्या प्रमाणात हवा. कॅमेऱ्याचा हेतू रास्त आहे. पण माणसांची छायाचित्रे किती दिवसांत पुसली जातील, याचा नियम गावाला कळत नसेल, तर प्रमाणाची कसोटी लागली असे म्हणता येणार नाही.

आता पडद्याकडे वळू. ‘डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम’ ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झाला. नागरिकाच्या माहितीचे रक्षण करणारा कायदा म्हणून त्याचे स्वागत झाले. संमतीशिवाय माहिती वापरू नये, चुकीची माहिती दुरुस्त करून मिळावी, कंपनीने हलगर्जीपणा केला तर अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंड व्हावा, अशा तरतुदी त्यात आहेत. मात्र त्यातच केंद्र सरकारला आपल्या यंत्रणांना कायद्यातून वगळण्याचा अधिकार दिला आहे. आणि कलम ४४ मधील एका छोट्या पोटकलमाने माहितीचा अधिकार कायदा, २००५ मधील कलम ८(१)(ञ) बदलून टाकले आहे.

पूर्वीचे कलम समतोल होते. ज्या वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा जी दिल्याने एखाद्याच्या खासगी जीवनावर विनाकारण आक्रमण होईल, ती नाकारता येत असे. व्यापक जनहित असेल तर तीही देता येत असे. जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणाही व्यक्तीला नाकारता येणार नाही, असे सोनेरी वाक्य त्याला जोडलेले होते. आता हे सारे गेले. माहिती ‘वैयक्तिक’ आहे, एवढे म्हणणे पुरे. कलम ८(२) मधील जनहिताची वाट उरली आहे, हे खरे. पण पूर्वी अधिकाऱ्याला नकाराचे कारण शोधावे लागे, आता नागरिकाला जनहिताचा पुरावा शोधत फिरावे लागेल. हा फरक कागदावर लहान वाटतो. तालुक्याच्या कचेरीतल्या खिडकीवर तो डोंगराएवढा होतो.

विचार करा. घरकुल कोणाला मिळाले? हजेरीपत्रकावर ज्यांची नावे आहेत ते मजूर खरेच कामावर होते काय? बनावट जातप्रमाणपत्रावर आपल्या मुलांची जागा कोणी घेतली? तेंदूच्या बोनसचे पैसे कोणाच्या खात्यात गेले? या प्रत्येक प्रश्नाच्या उत्तरात कोणाचे तरी नाव असते. भ्रष्टाचाराला नाव असतेच. नाव ‘वैयक्तिक माहिती’ ठरले की प्रश्नच संपला. ज्या महाराष्ट्राने १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला आणि केंद्राच्या आधी २००२ मध्ये स्वतःचा माहिती अधिकार कायदा आणला, त्या महाराष्ट्राने तरी हे मुकाट्याने पाहू नये.

यातील सर्वांत बोलकी गोष्ट काळाची आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये या कायद्याचे नियम आणि अंमलबजावणीची अधिसूचना निघाली. माहिती अधिकार आकुंचित करणारे पोटकलम तत्काळ लागू झाले. नागरिकाच्या माहितीचे प्रत्यक्ष रक्षण करणारी मुख्य कलमे मात्र अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होणार. पडदा आधी पडला, भिंत नंतर बांधू, असा हा क्रम आहे.

अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न याच धाग्याने बांधलेला आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना, मुंबई बंदबद्दल फेसबुकवर शंका व्यक्त केल्याबद्दल आणि ती पसंत केल्याबद्दल, अटक झाली. त्यानंतरच्या याचिकेतून माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २४ मार्च २०१५ रोजी ते रद्द झाले. ‘त्रासदायक’ यांसारखे सैल शब्द कोणाच्याही गळ्यात फास म्हणून अडकवता येतात, हे न्यायालयाने ओळखले. तरीही पोलीस ठाण्यांत त्या मृत कलमाखाली गुन्हे नोंदवले जात राहिले. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने नियमांत दुरुस्ती करून, सरकारच्या कामकाजाविषयी कोणती माहिती खोटी हे सरकारचाच विभाग ठरवील, अशी व्यवस्था केली. हास्यकलाकार कुणाल कामरा आणि संपादकांच्या संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. जानेवारी २०२४ मध्ये खंडपीठात मतभेद झाला, आणि २० सप्टेंबर २०२४ रोजी तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. आपल्याच खटल्यात आपणच न्यायाधीश होऊ नये, हे साधे तत्त्व त्यामागे आहे.

म्हणून इंटरनेटवर कसलेच नियमन नको काय? तसे मी म्हणणार नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणाऱ्या टोळीची अफवा व्हॉट्सॲपवर फिरली आणि जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारले. मेले ते भटके, गरीब, बोलीने आणि वेशाने परके दिसणारे. अफवेचे बळी असेच असतात. जातीवरून होणारी समाजमाध्यमांवरील विटंबना आपल्या मुलींना रोज वाचावी लागते. तेव्हा हिंसेला चिथावणी, जातीय अपमान, मुलांचे शोषण यांवर कठोर कायदा हवाच. पण तो नेमक्या शब्दांत लिहिलेला, कारणे देणारा आणि न्यायालयात तपासता येणारा असावा. सरकारवरची टीका त्याच्या जाळ्यात सापडत असेल, तर तो कायदा अफवा रोखण्यासाठी नाही.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढला, तेव्हा ‘केसरी’ने त्याची जाहिरात पैसे देऊनही छापली नव्हती. दुसऱ्याच्या छापखान्यात आपल्याला जागा नसते, हा धडा आपण तेव्हा शिकलो. आज खेड्यातल्या तरुणाच्या हातातला मोबाइल हाच त्याचा छापखाना आहे. त्याचे खाते एका रात्रीत बंद झाले आणि कारण कोणी सांगितले नाही, तर त्याने दाद कोणाकडे मागावी, हा प्रश्न सरकारइतकाच कंपन्यांनाही विचारला पाहिजे.

येथे बुद्धाच्या संघाची आठवण उपयोगी पडते. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी सांगितले होते की, ठराव, गणपूर्ती, मतदान हे संसदीय कामकाजाचे सारे नियम भिक्खू संघाला ठाऊक होते. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात शलाका घेऊन मत देण्याच्या तीन पद्धती सांगितल्या आहेत : उघड, कानात सांगून आणि गुप्त. गुप्त पद्धतीला ‘गूळ्हक’ म्हणत. ज्येष्ठांच्या देखत कनिष्ठाला निर्भयपणे मत देता येत नाही, हे मानवी मनाचे सत्य त्या काळी संघाने ओळखले होते. आपले गुप्त मतदानही याच सत्यावर उभे आहे. आपल्यावर कोणाची नजर नाही याची खात्री असते, तेव्हाच दुर्बळ माणूस खरे बोलतो. गोपनीयता आणि अभिव्यक्ती हे दोन वेगळे हक्क मानणे म्हणूनच चुकीचे आहे.

आणि बोलण्याची जबाबदारी? ती आपल्या परंपरेत कायद्याआधी शीलात आहे. खोटे, चहाडी, कठोर शब्द आणि निरर्थक बडबड यांपासून दूर राहणे म्हणजे सम्यक् वाचा. ऐकीव आहे म्हणून मानू नका, हे कालामांना दिलेले वचन आजच्या प्रत्येक फॉरवर्डला लागू पडते. मात्र शील हे स्वतः पाळायचे असते. राज्य जेव्हा त्याच्या नावाने दंडुका उगारते, तेव्हा ते शील राहत नाही.

मग आपण काय करावे? पहिले, माहिती अधिकाराचे जुने कलम परत आणावे, ही मागणी आपल्या संघटनांनी लावून धरावी. आपल्या लोकप्रतिनिधींना त्याविषयी जाहीर सभेत विचारावे. दुसरे, गडचिरोलीच्या अनुसूचित क्षेत्रात पेसा आणि वनहक्क कायद्यांनी ग्रामसभेला मोठे अधिकार दिले आहेत. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत आपल्याला शिकवली आहे. गावच्या शिवारात कॅमेरा लागणार असेल, ड्रोन उडणार असेल, घरोघरची माहिती गोळा होणार असेल, तर ग्रामसभेने विचारावे : कशासाठी, कोण पाहणार, किती दिवस ठेवणार, कधी पुसणार? उत्तरे ठरावाच्या वहीत लिहून घ्यावीत.

तिसरी गोष्ट आपल्याच घरातील आहे. शाळेतील प्रवेशाला आधारची सक्ती करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सांगितले आहे. तरीही अनेक संस्थांत मुलांची नावे, जात, आधार क्रमांक आणि पालकांचे मोबाइल असलेल्या याद्या व्हॉट्सॲपच्या गटांवर मोकळ्या फिरतात. मदत घेताना रडवेल्या झालेल्या मुलाचे छायाचित्र देणगीदारासाठी टाकले जाते. वसतिगृहात वाढणाऱ्या मुलाच्या वाट्याला स्वतःचे असे फार थोडे येते : एक पेटी, एक सतरंजी आणि आपले नाव. निदान ते नाव त्याच्या परवानगीशिवाय बाजारात जाऊ नये. उलट, संस्थेला आलेली देणगी, झालेला खर्च, विश्वस्तांचे निर्णय फलकावर लावावेत, म्हणजे कोणाही पालकाला ते वाचता येतील.

माजी विद्यार्थी आता अनेक कार्यालयांत अधिकारी, शिक्षक, वकील, पत्रकार आहेत. माहितीचा अर्ज टेबलावर येईल तेव्हा ‘वैयक्तिक’ हा सोपा शेरा मारायचा की जनहित पाहायचे, हे त्यांच्यापैकी कोणाच्या तरी हातात असेल. मे २०२७ पर्यंतचा वेळ आपल्यापाशी आहे. तोवर प्रत्येक गावात निदान एकाने हा कायदा वाचावा आणि इतरांना समजावून सांगावा, एवढीच या स्मरणिकेच्या वाचकांना विनंती.